३५ हजार क्युसेक म्हणजे आमच्या पार्किंगमध्ये किती पाणी? नदीकाठच्या एका कॉलनीचं प्रकरण

पुण्यात सिंहगड रोडला नदीकडच्या बाजूला राहणाऱ्या कुणालाही विचारा, पावसाळ्यात मोबाईलवर दिवसभर एकच गोष्ट फिरत असते, खडकवासला धरणातून आता इतके क्युसेक पाणी सोडले, तासाभरात इतके करणार, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क रहावं. आकडा सगळ्यांपर्यंत पोचतो. पण त्या आकड्याला आपल्या पार्किंगमध्ये किती पाणी येतं, कुठल्या कोपऱ्यातून आधी येतं आणि तेव्हा कुणी काय करायचं हे त्या मेसेजमध्ये नसतं, आणि असणारही नाही, कारण ते प्रत्येक गल्लीचं वेगळं असतं. ते गल्लीनेच बसून काढायला लागतं. आमच्या कॉलनीने ते कसं काढलं, ऑगस्ट २०२५ मध्ये ते कितपत चाललं आणि कुठे अडलं ते सगळं लिहितेय, नदीकाठच्या बाकीच्यांना त्यातलं जे उपयोगी पडेल ते घ्या.

आधी जागा सांगते. चार मजली जुन्या बिल्डिंगी, लिफ्ट नंतर बसवलेल्या, खाली पार्किंग, दोन बिल्डिंगींना तळमजल्यावर घरं, रस्त्याच्या बाजूला दुकानं. मागे कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे झाडी आणि लगेच मुठा नदी. शेजारी पत्र्याच्या खोल्यांची एक छोटी वस्ती आहे, ती आमच्यापेक्षाही खाली आहे. बाहेर पडायला गल्ली एकच.

आता पाणी एवढ्या पटकन का वाढतं ते. खडकवासला साखळीत चार धरणं आहेत, टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला. चौघांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), त्यात एकट्या खडकवासल्याची फक्त १.९७. वरच्या तिघांनी सोडलेलं पाणी येणार खडकवासल्यातच, आणि वर मधल्या डोंगरांवरचा पाऊसही तिथेच. म्हणजे गाठ आहे ती नेमकी सगळ्यात लहान धरणाशी. ३५ हजार क्युसेकने सोडायला लागलं आणि वरून एक थेंब आला नाही असं धरलं तर भरलेलं खडकवासला सोळा तासांच्या आत रिकामं होईल. एवढ्याशा जागेत पाणी धरून ठेवायला वाव कितीसा असणार, पाऊस रात्री वाढला की विसर्गही रात्रीच वाढणार. आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास १० लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे शंभर टँकर दर सेकंदाला नदीत ओतल्यासारखं. हे गणित आम्ही पहिल्याच मीटिंगला फळ्यावर मांडलं होतं आणि त्यानंतर 'बघू, येईल तेव्हा' म्हणणारे बरेच कमी झाले.

२५ जुलै २०२४ ला काय झालं ते पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. आदल्या रात्रीपासून घाटात तुफान पाऊस, विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढत ३५ हजारांच्या वर गेला, एकतानगरी, विठ्ठलनगर, निंबजनगर या पट्ट्यात लोक झोपेत असताना पाणी शिरलं, अग्निशमन दलाच्या बोटी आल्या, लष्कराला बोलवायला लागलं. त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत अंडाभुर्जीची गाडी हलवताना तीन तरुण शॉक लागून गेले. आमच्याकडे पार्किंगमध्ये कमरेच्या वर पाणी होतं, तळमजल्यावरच्या घरांतले फ्रिज तरंगत होते, आणि मीटर सगळे खालीच असल्याने पाण्यात. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत तेवढाच विसर्ग झाला, पण त्या वेळी दिवस होता, लोक आधीच निघालेले होते, गाड्या आधीच हललेल्या होत्या. आकडा तोच, पण नुकसान कितीतरी कमी. या दोन तारखांमधला फरक हाच आमच्या सगळ्या प्लॅनचा पाया, कारण पाणी थांबवणं आपल्या हातात नाही पण पाणी यायच्या आधीचे दोन-तीन तास आपले आहेत.

सुरुवातीला चर्चा भलतीकडेच जायची. कुणी म्हणायचं आपण निळ्या पूररेषेच्या आत आहोत का बाहेर ते आधी बघा, कुणी म्हणायचं नदीला भिंत बांधल्याशिवाय काही होणार नाही, कुणी रिडेव्हलपमेंटवर जायचं. हे सगळे विषय खरे आहेत, पण निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या पुराची, त्या नकाशावरच्या रेषा आहेत, बांधकामाची परवानगी ठरवायला त्या लागतात, रात्री दोन वाजता गाडी काढायची का नाही हे त्या सांगत नाहीत. मग ए विंगमधल्या निवृत्त वायरमन काकांनी विषय खाली आणला. ते म्हणाले, "ताई, पार्किंगच्या खांबावर चिखलाची रेघ अजून आहे, ती पुसायच्या आधी टेपने मोजू."

ते मोजमाप म्हणजे मला वाटतं सगळ्यात मोलाचं काम झालं. दहावी-बारावीची पोरं घेतली, टेप घेतला, प्रत्येक बिल्डिंगच्या खांबावर, जिन्याच्या पायऱ्यांवर, मीटरच्या पेटीवर, दुकानांच्या शटरवर रेघ कुठपर्यंत आहे ते लिहिलं. मग लोकांच्या मोबाईलमधले फोटो गोळा केले, फोटोला वेळ असते ना, त्या वेळेला विसर्ग किती होता ते जुन्या मेसेजमधून काढलं आणि शेजारी मांडलं. त्यातून आमचा आमचा तक्ता तयार झाला, की अमुक विसर्गाला मागच्या कोपऱ्यातला चेंबर उसळतो, तमुकला पार्किंगचा उतार भिजतो, ३५ हजाराला पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला लागतं. हे आकडे शेजारच्या गल्लीलासुद्धा लागू नाहीत हे मुद्दाम सांगते, तिथला रस्ता उंच आहे. आणि आमच्याकडेही ते दरवेळी तंतोतंत जुळणार नाहीत, कारण धरणाच्या खाली शहरात पडणारा पाऊस, नदीला मिळणारे ओढे हे त्या विसर्गाच्या आकड्यात धरलेलेच नसतात. म्हणून तक्त्यात आकड्याच्या शेजारी डोळ्यांनी बघायची खूण पण लिहिली आहे, आणि दोन्हीपैकी जे आधी होईल ते धरायचं.

डोळ्यांनी बघायच्या खुणांमध्ये सगळ्यात पक्की खूण म्हणजे तो मागचा ड्रेनेजचा चेंबर. बाहेरच्या लोकांना वाटतं नदी कंपाउंडवरून उडी मारून येते. तसं नसतं. नदीची पातळी वाढली की ड्रेनेजचं पाणी पुढे जायचं थांबतं, मग उलटं फिरतं, आणि नदी भिंतीपाशी पोचायच्या कितीतरी आधी चेंबरचं झाकण खडखडायला लागतं, तळमजल्याच्या बाथरूममध्ये जाळीतून बुडबुडे येतात. त्या तळमजल्यावरच्या घरांना हे आधीपासून माहीत होतं, वरच्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं म्हणून माहीत नव्हतं. आता पावसाळ्यात विसर्ग सुरू झाला की रात्रीच्या वॉचमन दादांची ड्युटीच आहे, दर तासाला टॉर्च मारून तो चेंबर बघायचा.

भिंतीबद्दल पण सांगायला पाहिजे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा सहकारनगर-अरण्येश्वर भागात भिंत कोसळून माणसं गेली. भिंत पाणी अडवते असं वाटतं, पण एका बाजूला पाणी साठलं आणि दुसरी बाजू मोकळी असली की साधी विटांची कंपाउंड वॉल तो दाब घ्यायला बांधलेलीच नसते. आमच्या मागच्या भिंतीच्या बुंध्यात आता पाणी जायला भोकं ठेवलीत, आणि पाणी भिंतीला लागलं की भिंतीच्या जवळ कुणीही उभं रहायचं नाही, व्हिडिओ काढायला तर अजिबातच नाही. याच्यावर पोरांशी बरीच वादावादी झाली, पण इथे सूट नाही.

वीज. पुलाच्या वाडीची घटना सगळ्यांच्या डोक्यात ताजी होती म्हणून यावर पूर्ण एक मीटिंग गेली. ठरलं ते असं, की पाणी पार्किंगच्या उतारावर दिसलं की दोन्ही लिफ्ट आधी सगळ्यात वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायच्या, मग पंप बंद, मग मेन स्विच. हे सगळं जमीन कोरडी असतानाच. मेन कोण पाडणार त्या दोघांची नावं तक्त्यावर आहेत, तिसऱ्याने हात लावायचा नाही. आणि जर उशीर झाला, पाणी मीटरच्या खोलीत शिरलं, तर पाण्यात उतरून स्विच पाडायला जायचंच नाही, महावितरणला फोन करून बाहेरूनच सप्लाय तोडायला सांगायचं आणि सगळ्यांनी वर थांबायचं. वायरमन काकांनी हे तीन-तीनदा सांगितलं, कारण दर पुरात कुणीतरी धाडसी निघतो आणि तोच जातो.

पण मेन पाडला की एक वेगळाच प्रश्न उभा राहतो, आणि तो आम्हाला बी विंगच्या तळमजल्यावरच्या काकूंमुळे कळला. त्यांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागतं, ते विजेवर चालतं. म्हणजे आपण सगळ्यांच्या जिवासाठी वीज घालवणार आणि त्याच क्षणी काकूंचं मशीन बंद पडणार. त्यांच्याकडे छोटा सिलिंडर होता पण तो किती वेळ पुरतो हे घरात कुणाला सांगता येईना, डॉक्टरांकडून लिहून घेतलं तेव्हा कळलं. मग यादी करायची पद्धतच बदलली. आधी आम्ही फ्लॅट नंबरप्रमाणे यादी करत होतो, कोण कितीजण राहतात वगैरे. आता यादी मदतीप्रमाणे आहे, कुणाला उचलायला लागतं, कुणाला वीज लागते, कुणाकडे इन्शुलिन आहे जे थंड ठेवावं लागतं, कुणाच्या घरी दिवसा फक्त लहान मूल आणि आजी असते. प्रत्येकापुढे दोन नावं, एक दिवसाचं एक रात्रीचं, कारण दिवसा अर्धी कॉलनी ऑफिसला असते. काकूंसाठी टप्पा सगळ्यांच्या आधीचा आहे, बाकीच्यांनी गाड्या काढायच्या त्याच आकड्याला काकू मशीनसकट धायरीला भाचीकडे जातात, उगाच गेल्या आणि पाणी आलंच नाही तरी चालेल. काकूंना सुरुवातीला हे पटत नव्हतं, सारखं सारखं लोकांकडे कशाला जाऊ म्हणायच्या, शेवटी भाचीच येऊन बसली मीटिंगला.

बाकीच्या तळमजल्यावरच्यांना आम्ही कॉलनीबाहेर नेत नाही, वर नेतो. गल्ली एकच, तिथे सगळे एकदम निघाले तर गाड्यांची कोंडी होऊन भर पाण्यात अडकायची भीती जास्त. दुसऱ्या मजल्यावर पाणी कधी आलेलं नाही, म्हणून तळमजल्यावरच्या प्रत्येक घराला वरचं एक घर जोडून दिलं आहे, आणि अमुक सामान कुठल्या खोलीत ठेवायचं इथपर्यंत बोलणं झालेलं आहे. पण हे विसर्गाच्या पुराचं झालं. १२ जुलै १९६१ सारखं काही झालं तर हा हिशोब चालणार नाही, पानशेत फुटून ते पाणी खडकवासल्यावर आलं, तेही फुटलं आणि जुन्या पेठांमध्ये कुठवर पाणी चढलं ते आपण ऐकलेलं आहे. म्हणून तसा अधिकृत आदेश आला तर वर नाही, सरळ सिंहगड रोड ओलांडून उंचावर, चालत, गाड्या सोडून. आणि अधिकृत म्हणजे जिल्हा प्रशासन, महापालिका किंवा पोलीस, फॉरवर्ड नाही. पानशेतची आठवण असलेली माणसं आमच्यात आहेत, 'धरण फुटलं' हा शब्द जरी कानावर पडला तरी त्यांचे हातपाय गळतात. पुराच्या काळात ग्रुपवर फक्त तीन जणांनाच मेसेज टाकता येतो, बाकीच्यांसाठी ग्रुप बंद.

मे महिन्यात एका रविवारी ड्रिल केलं. कागदावर छान दिसणाऱ्या गोष्टी जिन्यात कशा अडकतात ते तिथे कळलं. काकूंसारख्या माणसाला खुर्चीत बसवून वर न्यायचं ठरलेलं, खुर्ची घेतली ती हातवाली, तिघांनी उचलली, आणि पहिल्याच वळणावर, जिथे जिना दोन्ही बाजूंना भिंत घेऊन फिरतो, तिथे खुर्चीचे हात भिंतीला घासून खुर्ची तिरकी झाली, बसलेला मुलगा घसरायला लागला, मागच्याला पायरी दिसेना. बिनहाताची साधी प्लास्टिकची खुर्ची घेतल्यावर तीच जागा सहज पार झाली, फक्त बसणाऱ्याला ओढणीने सैलसर बांधायला लागतं आणि चेहरा नेहमी खालच्या बाजूला ठेवायचा, चढताना पाठ पुढे. आता प्रत्येक बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर अशी एक खुर्ची आणि दोन ओढण्या टांगलेल्या आहेत. तसंच इंटरकॉमचं, वीज गेली की इंटरकॉमही गेला हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि रात्री लोकांचे फोन सायलेंटवर असतात. म्हणून बॅटरीवरचा भोंगा घेतला आणि मजल्यागणिक एक माणूस दार वाजवायला.

पैशावरून वाद झालाच. भोंगा, टॉर्च, भिंतीचं काम, चेंबरला झाकण, यासाठी वर्गणी काढली तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या एक-दोघांचं म्हणणं होतं आमच्याकडे पाणी येत नाही, आम्ही का द्यायचे. सेक्रेटरी ताईंनी शांतपणे विचारलं, २०२४ ला तुमची लिफ्ट किती दिवस बंद होती, नळाला पाणी किती दिवस नव्हतं, तुमची गाडी कुठे होती. मग दिले. माझं मत विचाराल तर नदीकाठच्या सोसायटीत हा खर्च देखभालीतच धरला पाहिजे, दरवर्षी नव्याने मन वळवत बसायला लागू नये.

ऑगस्ट २०२५ मध्ये विसर्ग परत ३५ हजारांच्या वर गेला. काकू आदल्या दिवशीच धायरीला गेल्या होत्या. गाड्या टप्प्याटप्प्याने निघाल्या, आधी गल्लीच्या टोकाच्या, मग आतल्या, हा क्रम ड्रिलमध्ये ठरलेला होता त्यामुळे गल्ली तुंबली नाही. चेंबरचं झाकण खडखडल्यावर वॉचमन दादांनी भोंगा वाजवला, लिफ्ट वर गेल्या, मेन कोरड्या जमिनीवर पडला. पार्किंगमध्ये पाणी आलं, तळमजल्यावरच्या घरांतही आलं, पण तोपर्यंत गाद्या, कागदपत्रं, गॅस सिलिंडर, शिलाई मशीन वर पोचलेलं होतं. कुणाला इजा नाही.

अडलं ते पिण्याच्या पाण्यावर. जमिनीखालच्या टाकीचं झाकण पार्किंगच्या लेव्हलला, पुराचं पाणी ड्रेनेजसकट सरळ टाकीत गेलं. एवढ्या मीटिंगा झाल्या पण हे एकाही तक्त्यावर नव्हतं. टाकी उपसून, घासून, क्लोरीन टाकून परत भरेपर्यंत टँकरवर काढावं लागलं. आता झाकणाभोवती विटांचा कठडा बांधून तोंड पुराच्या रेघेच्या वर आणलंय, आणि विसर्ग वाढायला लागला की वरच्या टाक्या आधी भरून घ्यायच्या असं मेन पाडायच्या यादीत पंपाच्या आधी टाकलंय. चिखल काढायच्या कामालाही नियम केला, गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, पायाला जखम असेल तर नाहीच, लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाची, भीती असते, आणि कोपऱ्यात, पाट्यांखाली हात घालायच्या आधी काठी, कारण सापही पाण्याबरोबर आत येतात. आणि चिखल काढायच्या आधी फोटो, प्रत्येक घराचे, चिखलाची रेघ दिसेल असे, पंचनाम्याला आणि इन्शुरन्सला तेच लागतात. २०२४ ला लोकांनी आधी घर धुतलं होतं आणि मग पुरावा काय दाखवायचा हा प्रश्न पडला होता.

दुसरी अडचण वस्तीची. आमचा भोंगा त्यांना ऐकू जातो, पण त्यांच्या खुणा वेगळ्या, त्यांच्याकडे पाणी आमच्या कितीतरी आधी येतं. आमचा पहिला टप्पा म्हणजे त्यांचा शेवटचा. तिथल्या बऱ्याच बायका आमच्याच घरांत कामाला येतात, ऑगस्टमध्ये त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "तुमचा भोंगा वाजला तेव्हा आमच्या चुली विझल्या होत्या." हे ऐकल्यावर तक्त्याला वर अजून एक ओळ जोडली, वस्तीची. आता पोरांनी तिथल्या खांबांवर पण टेप लावून रेघा मोजल्यात, तिथल्या दोन जणांना मेसेज टाकणाऱ्यांच्या यादीत घेतलंय, आणि त्यांच्या सामानासाठी ए विंगची गच्चीवरची खोली मोकळी केलीय. खोलीच्या किल्ल्यांपैकी एक मावशींकडे असते.

राहिलेलं बरंच आहे. मीटर पहिल्या मजल्यावर न्यायचं काम मंजुरीत अडकलंय. दुकानदारांपैकी निम्मे अजून यादीत नाहीत, एकाचा डीप फ्रीझर दरवेळी शेवटच्या मिनिटाला चार माणसं खातो. मेन पाडणाऱ्या दोघांपैकी एकाची बदली झाली, त्यांच्या जागी कोण ते ठरायचंय. या मे मध्ये ड्रिल रात्री घ्यायचं आहे, लाईट घालवून, कारण आत्तापर्यंतची सगळी तयारी दिवसाउजेडी झालीय. वॉचमन दादांनी आधीच सांगून ठेवलंय, सुट्टीच्या दिवशी त्यांच्या बदली जो माणूस येतो त्याला चेंबर कुठे आहे हेसुद्धा माहीत नाही, त्याला त्या रात्री बोलवा.